दोन दिवसांची पाहुणी

घरात पाहुणा आला म्हणजे तो कोणाचा, हे बहुधा आधीच ठरलेले असते. माहेरची माणसे सूनबाईंची, गावाकडची यजमानांची आणि कचेरीतली मंडळी चिरंजीवांची. पंधरा वर्षांच्या मुलीचाही एखादा पाहुणा असू शकतो आणि तो सर्वस्वी तिचा असतो, ही गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. आज मी बोलणार आहे ती या पाहुण्याविषयी. शनिवारी दुपारी पाठीवर दप्तर अडकवून येणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी परत जाणाऱ्या, लेकीच्या किंवा नातीच्या जिवलग मैत्रिणीविषयी.

माझ्या लहानपणी इंदुरात असल्या पाहुणीला आमंत्रण लागत नसे. रामबागेतल्या किंवा नारायण बागेतल्या वाड्यांची दारे दिवसभर सताड उघडी असत. शनिवारची सकाळची शाळा सुटली की कोणाची तरी मैत्रीण मागोमाग येई, पाने मांडली असतील तर बसे, आणि दिवेलागणीला घरी गेली नाही तर तिच्या आईला निरोप पोचवायला वाड्यातले एखादे पोर पुरे होई. त्याच्याही आधीच्या पिढीत वार लावून जेवणारे विद्यार्थी होतेच. आठवड्याचे सात वार सात घरी जेवून विद्या करणाऱ्या त्या मुलांना सात घरांच्या आमटीची चव ठाऊक असे. आता वाडे गेले. इमारतीच्या फाटकावर वहीत नाव लिहावे लागते, पहारेकरी वर फोन करून विचारतो, आणि त्यापूर्वी दोन्ही आयांचे आपसात दोनतीनदा बोलणे झालेले असते. यात वाईट काही नाही. पण जी गोष्ट सहज घडत होती ती आता ठरवून घडवावी लागते, आणि जे ठरवावे लागते ते पुष्कळदा राहून जाते.

शिवाय रविवार तरी मुलांच्या वाट्याला कोठे येतो? ही सुट्टी आपल्याला आकाशातून पडलेली मिळाली नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे मागणी केली, तेव्हा १८९० साली ती पदरात पडली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांना बजावले होते. खंडोबा म्हणजे आमच्या होळकरांचे कुलदैवत, तेव्हा इंदूरकरांनी तरी हा वार राखायला हवा! पण दहावीच्या मुलाला विचारा. रविवार हा शिकवणीवर्गाच्या चाचणीचा वार झाला आहे.

हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. १९४९ साली ते वारले आणि त्यांची व्याख्याने १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी म्हटले आहे की, नऊदहा वर्षांच्या सुमारास मुलाला कोणी एक जिवलग सोबती मिळतो आणि तेव्हा प्रथमच दुसऱ्याचे सुख त्याला आपल्या सुखाइतके मोलाचे वाटू लागते. आईबापांवरचे प्रेम घेण्याचे असते, हे पहिले देण्याचे. आणि त्या सोबत्याशी बोलताना मुलाला उमगते की, आपल्या मनात येणारे वेडेवाकडे विचार एकट्या आपल्याच मनात येत नाहीत. किशोरवयात मुलाला हा दिलासा केवढा वाटत असेल, हे आपण स्वतःचे पंधरावे वर्ष आठवून पाहावे.

आपल्याकडे तर हे सांगायला परदेशी पंडिताची गरजच नाही. इंदुराहून पन्नासपंचावन्न किलोमीटरांवर उज्जैन आहे, तेथे सांदीपनींचा आश्रम आहे. सुदामा द्वारकेला पोहे घेऊन गेला ही कथा आपण सारे सांगतो. पण त्या भेटीत श्रीकृष्णाने आठवण काढली ती कशाची? भागवतात ती दिली आहे. गुरुपत्नीने सरपण आणायला धाडले असता अरण्यात वादळपावसाने गाठले, अंधारात दिशा कळेना, तेव्हा एकमेकांचे हात धरून दोघांनी काढलेल्या रात्रीची. उजाडल्यावर गुरू शोधत आले. राज्य मिळाले, सोन्याची नगरी वसवली, आणि आठवली ती शाळूसोबत्याबरोबर जागून काढलेली रात्र. आमच्या शहरात सुदामा नगर नावाची एक मोठी वसाहत आहे. तेथल्या किती घरांतून शाळूसोबती रात्री मुक्कामाला येतात, याची मला उत्सुकता आहे.

आता आमच्याच घरातली हकीकत सांगते. यंदाच्या संक्रांतीनंतरच्या शनिवारी आमच्या नातीची मैत्रीण दोन दिवसांसाठी आली. मुलगी मालवी, घरची भाषा हिंदी. परीक्षा अगदी तोंडावर आलेली, तेव्हा दोघींनी मिळून अभ्यास करायचा, या बोलीवर परवानगी मिळाली होती. गुरुवारी तिची आई स्वतः येऊन गेली, चहा घेतला, घर पाहिले, आम्हा म्हाताऱ्यांना पाहिले. मला ते फार आवडले. मुलीला रात्री परक्या घरी ठेवायचे नाही, असा पुष्कळ घरांतला दंडक आहे. तो भीतीतून आलेला आहे, आणि ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण त्याची किंमत फक्त मुलींनी मोजायची असते. त्यांचे भाऊ खुशाल मित्राकडे अभ्यासाला म्हणून झोपायला जातात आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला उगवतात. ज्या आईला भीती वाटते तिने त्या घरी जाऊन चहा घ्यावा. या आईने तेच केले.

शुक्रवारपासून आमची नात घरात वावरू लागली ती एखाद्या तपासनिसासारखी. गॅलरीतल्या दोरीवरचे आजोबांचे धोतर तिने आत नेऊन घातले. देवघरातला फाटका आसनपट्टा पाटाखाली सरकवला. दिवाणखान्यातल्या फळीवरचा पितळी डबा, ज्यात मी पोटदुखीसाठी ओवा आणि सुंठ ठेवते, तो कपाटात गेला. आणि शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, तू तिच्याशी हिंदीतच बोलशील ना?"

श्रोतेहो, या एका प्रश्नासाठी मी हा सारा विषय घेतला आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी माणसांच्या घरी हा प्रश्न एकदा ना एकदा येतोच. बडोद्याला तो गुजरातीच्या संबंधाने येत असेल, हैदराबादेत तेलुगू वा दख्खनीच्या, बेळगावात कानडीच्या. मूल जन्मापासून ज्या घरात राहते ते घर त्याला दिसतच नसते. नाक डोळ्यांच्या इतके जवळ की ते दिसू नये, तसे ते. जिवलग मैत्रीण मुक्कामाला येणार असे ठरले की प्रथमच ते घर मुलीला बाहेरून दिसते. धोतर दिसते, ओव्याचा डबा दिसतो, आजीची भाषा ऐकू येते. त्या दोन दिवसांत मूल आपल्या घराविषयी काहीतरी ठरवते, आणि एकदा ठरवलेले मग वर्षानुवर्षे तसेच राहते. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने या इंदुरात भरली. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. परंतु आपल्या घरची मराठी पुढे चालणार की नाही, याचा निकाल माझ्या मते मंडपात लागत नाही. तो अशा शनिवारी स्वयंपाकघरात लागतो.

मी नातीला सांगितले की, पाहुणीला जे कळेल ते मी बोलेन, पण तुझ्याशी मी जशी बोलते तशीच बोलेन. तिचे तोंड जरा उतरले. तिची आई मात्र म्हणाली, "आई, तेच बरोबर आहे." धोतराविषयी यजमानांनी एक अक्षर काढले नाही; शनिवारी सकाळी ते परत दोरीवर होते.

मैत्रीण आली, आणि आल्यापासून अर्ध्या तासात पहिला चमत्कार झाला. नात स्वयंपाकघराकडे पाहून ओरडली, "अगं आई, तू माझी भूमितीची वही कुठे ठेवलीस?" पाहुणी दचकली. दबक्या आवाजात तिने विचारले, "तू मम्मी को 'तू' बोलती है?" तिच्या घरी आईला, वडिलांना, आजीला, सर्वांना 'आप'. आमच्या नातीने या गोष्टीचा जन्मात कधी विचार केला नव्हता. जरा थांबून ती म्हणाली की, आमच्यात जे अगदी जवळचे त्यांना 'तू', आईला, देवालासुद्धा. त्यावर पाहुणीने चटकन उत्तर दिले, "भगवान को तो हम भी 'तू' बोलते हैं." आणि मग त्या दोघी या विषयावर घटकाभर वाद घालत बसल्या की, देव जवळचा असेल तर आई लांबची कशी! व्याकरणाचा असा तास शाळेत झाला तर मुले भाषा शिकतील. मी मात्र मनात म्हणाले की, माझ्या लहानपणी वडिलांना आम्ही 'तुम्ही' म्हणत असू, आणि आता घरोघर 'अरे बाबा' ऐकू येते. आपलीही भाषा कोठे एके जागी उभी आहे?

दुपारी यजमानांनी पाहुणीची विचारपूस केली. गप्पांच्या ओघात मराठी-हिंदीची सरमिसळ करीत त्यांनी विचारले की, तुमच्या शाळेत हल्ली शिक्षा करतात की नाही. मुलगी आदराने म्हणाली, "जी, बहुत अच्छी शिक्षा होती है." नात हसता हसता खाली बसली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मग आजोबांना समजावून देण्यात आले. आजोबा म्हणाले की, आमच्या काळी दोन्ही एकच होते.

जेवताना आमटीचा पहिला घास घेऊन पाहुणी थबकली. डाळीत गूळ! तिच्या घरी डाळीला खमंग फोडणी असते, गोडाचा तिच्याशी संबंध नसतो. ती काही बोलली नाही, पण नातीने तिचा चेहरा पाहिला आणि स्वतःच्या वाटीकडे अशा काही नजरेने पाहिले की, जणू ही आमटी तिला आज प्रथमच वाढली होती. दुसऱ्यांदा वाढताना पाहुणीने वाटी पुढे केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात सूनबाईंनी आमसुलाचे एक फूल तिच्या हातावर ठेवून तिला त्याची चव पाहायला लावली. पाहुणीचे डोळे मिटले ते पुष्कळ वेळ उघडेनात.

संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला आणि नेहमीप्रमाणे पुटपुटू लागले. आमच्या नातीने शुभंकरोती म्हणणे सोडून चारपाच वर्षे झाली आहेत. मी तगादा लावीत नाही. पाहुणीने विचारले, आजी काय म्हणतात? नात म्हणाली, दिव्याला नमस्कार. पण इतक्यावर ती मुलगी ऐकेना, तिला अर्थ हवा होता. तेव्हा आमच्या नातीने अडखळत एकेक शब्द हिंदीत सांगायला सुरुवात केली, आणि एके ठिकाणी ती स्वतःच थांबली. यात शत्रूचा नाश मागितलेला नाही, शत्रुबुद्धीचा मागितला आहे, हे तिच्या तेव्हा लक्षात आले. मला वळून म्हणाली, "आजी, हे असं आहे होय? मी आपली शत्रूच समजत होते." मी म्हणाले, "असंच आहे," आणि वात सारखी केली. मैत्रिणीला समजावून सांगण्याची पाळी आली नसती तर हा शब्द तिने आयुष्यभर तसाच म्हटला असता किंवा तसाच टाकून दिला असता.

रात्री चिरंजीव दोघींना सराफ्यात घेऊन गेले. दिवसा जेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो त्याच पेढ्यांपुढे रात्री खाद्यपदार्थांची दुकाने मांडतात, हे इंदूरचे वैशिष्ट्य सर्वांना ठाऊक आहे. थंडीचे दिवस म्हणजे गराडूचे दिवस. तळलेल्या कंदावर जिरावन आणि लिंबू घेऊन दोघी साडेअकराला परतल्या आणि खोलीचे दार लोटून घेतले.

आता त्या दारासंबंधी. मुले रात्री इतका वेळ काय बोलतात, असा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. शास्त्रज्ञ सांगतात की, किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. मोठ्यांना दहाला येणारी झोप या मुलांना लवकर येत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, हेही तेच शास्त्रज्ञ सांगतात, तेव्हा रोजचे जागरण मला मान्य नाही. पण वर्षातून चार रात्री? दाराला कडी नव्हती, बाहेर दिवा होता, आणि पाणी प्यायला मी दोनदा उठले तेव्हा आतून आवाज येत होते. एवढे मला पुरे होते. शब्द ऐकण्याचे मला कारण नव्हते. दूरध्वनीचे म्हणाल तर, तो होता. एकाच यंत्राच्या तारेची एक गुंडी हिच्या कानात आणि दुसरी तिच्या कानात, असे दोघी काही गाणे ऐकत असलेल्या मी आधी पाहिल्या होत्या. एकेकटीने त्या यंत्रात डोके खुपसून बसणे वेगळे, आणि एका तारेने दोन डोकी जवळ येणे वेगळे. त्याबद्दल तक्रार करायला मला काही सापडले नाही.

रविवारी सकाळी मात्र घरातली हवा बदललेली होती. नात एका खोलीत, पाहुणी दुसऱ्या. पोहे झाले तेव्हा दोघी पानावर आल्या, पण एकमेकींकडे पाहीनात. आमच्याकडचे पोहे खोबरे-कोथिंबिरीचे. पाहुणीने हळूच विचारले, शेव नाही का? एरवी आमच्या नातीने यावर इंदुरी विरुद्ध घरगुती असा मोठा सामना केला असता. आज तिने शेवेचा डबा मुकाट्याने तिच्यापुढे सरकवला. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, म्हणजे काही विचारू नका.

पुढे मी मटार घेऊन बसले असता पाहुणी आपण होऊन माझ्याजवळ आली, शेंगा सोलू लागली, आणि तिच्याकडूनच मला कळले. दहावी झाली की तिला कोट्याला पाठवायचे घरी ठरले आहे. इंदुरातल्या भंवरकुआ भागात शिकवणीवर्गांची काय कमी आहे? पण तिच्या मोठ्या भावाचे कोट्याला जमले, तेव्हा हिचेही तेथेच, असा हिशेब आहे. दहावी होईपर्यंत अशा वर्गांनी मुलांना घेऊ नये, अशी मार्गदर्शक सूत्रे केंद्र शासनाने २०२४ च्या जानेवारीत काढली आहेत. म्हणून दहावीचा निकाल हाच आता पुष्कळ मैत्र्यांचा शेवटचा दिवस होऊन बसला आहे. हे तिला दिवाळीपासून ठाऊक होते. तिने ते आमच्या नातीला सांगितले ते काल रात्री, दोन वाजता. आणि नात रागावली होती ती ती जाणार म्हणून नव्हे, तीन महिने सांगितले नाही म्हणून.

अशा वेळी मोठ्या माणसांच्या जिभेवर दहा वाक्ये तयार असतात. कोटा काही परदेशात नाही. हल्ली रोज एकमेकींचे तोंड पाहून बोलता येते. नवीन मैत्रिणी मिळतील. तीनही वाक्ये खरी आहेत आणि तीनही त्या क्षणी निरुपयोगी आहेत. शेवटले तर क्रूर आहे. मी तिला एवढेच विचारले की, तुला जायचे आहे का? तिने एक शेंग सोलून होईपर्यंत उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "पता नहीं, आजीजी."

हो, आजीजी! तिच्या भाषेत नुसते 'आजी' म्हणणे उर्मटपणाचे, तेव्हा माझ्या आजीपणाला तिने आणखी एक जी जोडला होता. आतल्या खोलीत आमची नात कान देऊन होतीच. हे संबोधन ऐकून तिला हसू आवरेना; हसल्यावर रुसून बसणे अवघड. ती बाहेर आली, परात मध्ये ओढली आणि मटार सोलू लागली. दोघींनी किती सोलले आणि किती खाल्ले ते विचारू नये. अकरा वाजता त्या अभ्यासाला बसल्या. पाहुणी गणितात हुशार, तिने त्रिकोणमितीची दहा उदाहरणे सोडवून घेतली. नात इतिहासात बरी, तिने युरोपातला राष्ट्रवाद सांगितला. दोन दिवसांत मिळून चार तास अभ्यास झाला असेल. बोलीच्या मानाने कमीच, पण तिच्या आईने विचारले असते तर मी चार तासच सांगितले असते.

कोट्याचे काय करायचे हे त्या दोघींच्या हाती नाही, आणि माझ्या तर मुळीच नाही. दुपारभर त्या काहीतरी यादी करीत होत्या. कोणत्या वारी कोणी फोन करायचा, सुट्टीत कोण कोणाकडे येणार, पत्रे लिहायची का. पत्रांची कल्पना आजोबांची. ती हसून बाजूला ठेवण्यात आली, पण यादीतून खोडली नव्हती, हे मी पाहिले.

संध्याकाळी तिचे वडील न्यायला आले. ओव्याचा पितळी डबा तोवर फळीवर परत आलेला होता. गराडू खाऊन रात्री पाहुणीचे पोट दुखले तेव्हा नातीनेच तो कपाटातून काढला होता. मार्चमध्ये परीक्षा संपली की आमच्या नातीने त्यांच्याकडे दोन दिवस राहायला जायचे ठरले आहे. मैत्रिणीच्या आईला 'आप' म्हणायचे, डाळ गोड नसेल, हे तिने आताच पाठ करून ठेवले आहे. त्या घरीही एक आजी आहे, दादीजी. तिला काय म्हणून हाक मारायची, यावर अजून दोघींचे एकमत झालेले नाही.